गौण विषयाचा इतिहास : नागसेनवन ते गेन्सव्हिल

विद्यापीठीय परिभाषेत 'गौण' हा शब्द पुन्हा प्रतिष्ठित झाला आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली, आणि पदवीच्या प्रत्येक आराखड्यात 'मेजर' आणि 'मायनर' असे दोन रकाने आले. मराठीच्या अध्यापकांपुढे त्यामुळे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. मराठी हा मुख्य विषय घेणाऱ्याला गौण विषय म्हणून काय द्यावे? या निमित्ताने झालेल्या चर्चांत अमेरिकी विद्यापीठांतील क्षेत्र-अभ्यासाचा दाखला मी अनेकदा ऐकला. तेथील विद्यार्थी मुख्य विषय म्हणून अर्थशास्त्र किंवा इतिहास घेतो, गौण विषय म्हणून एखादा भूप्रदेश निवडतो, त्याची भाषा शिकतो आणि एक सत्र त्या प्रदेशात जाऊन राहतो. आपल्याला हे का जमू नये, असे विचारले जाते.

प्रश्न वाजवी आहे. त्यामागचे गृहीत मात्र तपासून पाहायला हवे. असा व्यवहार आपल्याकडे आजवर झालाच नाही, असे हा प्रश्न धरून चालतो. निदान मराठी वाङ्मयविचाराच्या बाबतीत ते खरे नाही. गेल्या अर्धशतकातील मराठी समीक्षेने जी तुलना सर्वाधिक वेळा केली, ती दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना परदेशातील अध्ययनातून घडली, आणि तीही त्या अध्ययनाच्या मुख्य विषयातून नव्हे. तिच्या घडणीचे प्रमुख स्थळ औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. वाङ्मयेतिहासात ही तुलना बहुधा स्वयंसिद्ध म्हणून येते. दोन पीडित समाज, म्हणून दोन समान साहित्ये, असा तिचा तर्क मांडला जातो. साम्य असते म्हणून तुलना आपोआप घडत नाही. कोणी तरी कोठे तरी जाते, काही तरी वाचते, आणि परत येऊन बोलते, तेव्हा ती घडते. त्या जाण्यायेण्याचा इतिहास लिहिला गेला नाही, तर तुलनेचे पुढे काय झाले हेही कळत नाही.

अमेरिकेकडे पाहण्याची मराठी परंपरा अर्थातच जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. फुले अमेरिकेस गेले नव्हते. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात तेथे राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. पण विद्यार्थी म्हणून, विद्यापीठाच्या शिस्तीत राहून, मुख्य आणि गौण अशा विभागणीला सामोरे जाण्याचा पहिला मोठा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र, एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि वित्तव्यवस्थेवर. समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र हे विषय सोबतीला. यांपैकी मानवशास्त्राच्या परिसंवादवर्गात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्यापुढे, त्यांनी ९ मे १९१६ रोजी जातींचा उगम आणि यंत्रणा यांवरील निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. अर्थशास्त्रातील त्यांच्या ग्रंथांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु भारतीय समाजविचारावर ज्या निबंधाचा ठसा आजही उमटतो आहे, तो ज्या वर्गासाठी लिहिला गेला तो त्यांच्या पदवीच्या हिशेबात दुय्यम होता, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे शिष्य. या नावाकडे पुढे परत यावे लागेल.

कोलंबियाहून आलेल्या या विद्यार्थ्याने १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. महाविद्यालयाला 'मिलिंद' आणि परिसराला 'नागसेनवन' ही नावे देताना बाबासाहेबांनी 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातील ग्रीक राजा आणि बौद्ध भिक्षू यांचा संवाद डोळ्यांपुढे ठेवला होता. परदेशी जिज्ञासू प्रश्न विचारतो आणि येथला ज्ञानी उत्तर देतो, अशी ती रचना. क्षेत्र-अभ्यासाची याहून जुनी आणि याहून सन्मान्य प्रतिमा शोधू गेल्यास सापडणे कठीण. मिलिंद राजा प्रश्न विचारताना हरण्याची तयारी ठेवतो, एवढाच फरक.

या नागसेनवनाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते डॉ. मनोहर नामदेव वानखेडे साठच्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात इंग्रजीच्या पीएच.डी.साठी गेले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वॉल्ट व्हिटमन आणि तंत्रमार्ग. पहिल्या वाचनात हा विषय आश्चर्याचा धक्का देतो. ज्यांच्या नावाने दलित साहित्याच्या आरंभीच्या मांडणीचा उल्लेख होतो, त्यांनी अमेरिकेत जाऊन तंत्रविद्येवर लिहावे? मला त्यात त्या काळच्या ज्ञानव्यवहाराची एक खूण दिसते. व्ही. के. चारी यांचे व्हिटमनवरील वेदान्तपर पुस्तक नेब्रास्का विद्यापीठाने १९६४ मध्ये प्रकाशित केले. भारतातून आलेला अभ्यासक अमेरिकी कवीला अध्यात्माच्या प्रकाशात वाचून दाखवील, ही अपेक्षा त्या वातावरणात होती. भारत हे 'क्षेत्र' ज्या वस्तूसाठी ओळखले जात होते, तीच वस्तू भारतीय विद्यार्थ्याने सोबत आणावी, असा हा अलिखित करार. वानखेड्यांनी वेदान्ताऐवजी तंत्राची, म्हणजे वैदिक परंपरेच्या कडेला राहिलेल्या प्रवाहाची निवड केली, यात त्यांचा स्वतःचा कल दिसतो असे मला वाटते. पण मुख्य विषयाची चौकट तीच राहिली.

त्या चौकटीबाहेर काय चालले होते? फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी शाखेत पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तो १९५८ मध्ये. पदवीच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९६२ मध्ये. विद्यापीठाचे गाव गेन्सव्हिल. तेथून फार दूर नसलेल्या सेंट ऑगस्टीन शहरात १९६४ च्या उन्हाळ्यात नागरी हक्कांचे आंदोलन पेटले, मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली, आणि त्याच वर्षी जुलैत नागरी हक्क कायदा संमत झाला. एखाद्या महार तरुणाने नेमक्या त्या वर्षांत त्या राज्यात विद्यार्थी म्हणून राहणे हा योगायोग खरा, पण परत येताना त्याने काय आणले हा योगायोग नाही. व्हिटमनचा प्रबंध ग्रंथालयात राहिला. मराठीत आले ते दुसरेच: अमेरिकेतील निग्रो लेखकांनी (त्या काळी मराठीत हाच शब्द रूढ होता) आपल्या अवहेलनेतून साहित्य निर्माण केले आहे, आणि येथल्या दलितांनीही ते करावे, हा विचार.

परत आल्यावर वानखेडे मिलिंदमध्ये प्राचार्य झाले. तेथील वातावरण आधीच तापलेले होते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळापासून नाट्य, नियतकालिके, वादसभा यांची परंपरा तेथे रुजली होती. १९६७-६८ च्या सुमारास 'अस्मिता' हे नियतकालिक सुरू झाले. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली तेच पुढे 'अस्मितादर्श' या नावाने वाढले. १९६९ च्या 'मराठवाडा' दिवाळी अंकात दलित साहित्याच्या प्रेरणा आणि दिशा यांवर जी चर्चा झाली, तिच्यात वानखेड्यांचा सहभाग होता, आणि कृष्णवर्णीय साहित्याचा संदर्भ मराठी वाङ्मयीन चर्चेच्या मध्यभागी आला. तीनच वर्षांनी मुंबईत 'दलित पँथर'ची स्थापना झाली, तेव्हा नाव ओळखीचे वाटण्याइतकी भूमी तयार झाली होती. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथातून मराठी वाचकाला त्या साहित्याचा विस्तृत परिचय करून दिला. वानखेड्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १९८१ मध्ये 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' या नावाने संकलित झाले.

आता उलट दिशेचा प्रवास पाहू. कारण तो त्याच वर्षांत चालू होता. अमेरिकेतील दक्षिण आशियाच्या अभ्यासाला संस्थात्मक रूप दिले ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संस्कृतज्ञ डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने भाषा आणि प्रदेश यांच्या अभ्यासकेंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. कायद्याच्या नावातला 'संरक्षण' हा शब्द पुरेसा बोलका आहे. रशियाने अवकाशात उपग्रह सोडला आणि अमेरिकेत मराठी शिकवण्याची तरतूद झाली, असे थोड्या थट्टेने म्हणता येईल. १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली आणि तिचे आरंभीचे भारतीय कार्यालय पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये होते. पुस्तकांची गोष्ट आणखी विलक्षण. पी.एल. ४८० कायद्यान्वये भारताने घेतलेल्या गव्हाची किंमत रुपयांत जमा होत असे. त्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतील पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पुरवली. आपण गहू खाल्ला आणि त्यांनी आपले अंक जपले. काही वर्षांपूर्वी साठ-सत्तरच्या दशकांतील एका मराठी नियतकालिकाचे जुने अंक मी शोधत होतो. येथे दोन घरांतून मिळून निम्मे अंक हाती लागले. उरलेले एका अमेरिकी ग्रंथालयाच्या सूचीत क्रमवार नोंदलेले आढळले.

या यंत्रणेतून आलेल्यांमध्ये एलिनॉर झेलियट होत्या. संत, संस्कृत आणि पेशवाई हेच ज्या काळी महाराष्ट्राच्या अभ्यासाचे राजमार्ग होते, त्या काळी त्यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ हा विषय घेतला आणि १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियाची पीएच.डी. मिळवली. मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात त्या १९९७ पर्यंत इतिहास शिकवत होत्या. मध्यपश्चिमेकडील महाविद्यालयांच्या संघाने पुण्यात चालवलेल्या भारत-अध्ययन कार्यक्रमाशी त्यांचा दीर्घ संबंध होता. पदवीचे विद्यार्थी पुण्यातील कुटुंबांत राहात, मराठी शिकत, आणि एखादा छोटा स्वतंत्र प्रकल्प करीत. शहरातील अनेक मध्यमवर्गीय घरांत 'अमेरिकन मुलगी' राहून गेल्याची आठवण सांगितली जाते, ती या कार्यक्रमांमुळे. त्यांतले बहुसंख्य विद्यार्थी पुढे वकील, डॉक्टर, शिक्षक झाले असतील, आणि मराठी विसरलेही असतील. गौण विषयाची तशीच अपेक्षा असते.

औरंगाबादकडे वळणाऱ्या परदेशी अभ्यासकांची वाट बहुतेक वेळा अजिंठ्याला जाई. मिशिगनचे वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातील अनेक दशके त्या लेण्यांच्या कालक्रमावर खर्च केली आणि लेण्यांमध्येच अभ्यासवर्ग भरवले. पाचव्या शतकातील बौद्ध शिल्पाकडे जाताना विसाव्या शतकातील बौद्धांचे नागसेनवन वाटेत लागते, याची दखल फार थोड्यांनी घेतली. झेलियट यांनी ती घेतली. 'दलित' या शब्दाची पानतावणे यांनी केलेली व्याख्या इंग्रजी वाचणाऱ्या जगात पोहोचली ती मुख्यतः झेलियट यांच्या लेखनातून. १९९२ च्या त्यांच्या लेखसंग्रहाने ती सर्वत्र नेली. आज जगातील कोणत्याही विद्यापीठात दलित हा शब्द समजावून सांगताना औरंगाबादच्या मराठीच्या एका प्राध्यापकाचे वाक्य उद्धृत होते आणि उद्धृत करणाऱ्याला ते मराठीच्या प्राध्यापकाचे आहे हे बहुधा ठाऊक नसते. पानतावणे स्वतः २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हा या प्रवासातला आणखी एक वळसा.

दोन्ही प्रवास शेजारी ठेवले की विषमता दिसते. ती श्रेष्ठकनिष्ठतेची नाही. झेलियट यांच्यामागे भाषाशिक्षणाची सोय, शिष्यवृत्ती, ग्रंथालय आणि परतल्यावर विद्यार्थी पाठवण्याची व्यवस्था होती. म्हणून त्यांचा गौण विषय एका ज्ञानशाखेचा भाग होऊ शकला. वानखेड्यांच्यामागे एक शिष्याचे धैर्य आणि एक चळवळ होती. चळवळीने त्यांच्या विचाराचे सोने केले. विद्यापीठाने त्याचे एक प्रकरण केले. कृष्णवर्णीय साहित्याच्या अभ्यासाची पीठिका, त्या साहित्याची मूळ पुस्तके, तेथे जाऊन आलेल्यांची दुसरी आणि तिसरी पिढी, यांपैकी काहीही मराठी विभागांत उभे राहिले नाही. शेजारी हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात, १९६४ पासून अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर होते. अमेरिका हे 'क्षेत्र' मानून अभ्यास करणारी ती संस्था. परंतु तिचे दार इंग्रजी विभागांकडे उघडे होते, मराठीकडे नाही. आणि आता ती त्या रूपात उरलेली नाही.

याचा परिणाम समीक्षेवर झाला. एकदा आणलेली तुलना पुन्हा ताजी होण्याचा मार्ग बंद झाल्यामुळे ती गोठली. पदव्युत्तर वर्गात दलित आत्मकथनांवर चर्चानिबंध मागवले की दहापैकी आठांत कृष्णवर्णीय साहित्याचा परिच्छेद असतो आणि आठही परिच्छेदांचे उगमस्थान एकच मराठी पुस्तक असते. वेदना, नकार, विद्रोह या तीन शब्दांत साम्य आटोपते. हे शब्द आशयाचे आहेत. रूपाचा प्रश्न त्यांत येतच नाही. एक उदाहरण घेऊ. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन 'स्वतः लिहिलेले' अशी नोंद शीर्षकातच करून प्रसिद्ध झाले आणि गोऱ्या सुधारकांच्या प्रास्ताविकांनी त्याला साक्ष दिली. गुलाम लिहू शकतो यावर वाचकाचा विश्वास नव्हता, म्हणून सत्यतेचा दाखला हा त्या वाङ्मयप्रकाराचाच अवयव बनला. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) यांच्या आरंभीच्या स्वागतातही 'हे खरे आहे का' आणि 'हे दाहक वास्तव' हे दोन उद्गार सतत ऐकू येतात. येथे लिहिता येण्याविषयी शंका नव्हती. जगणे असे असू शकते यावर वाचकाचा विश्वास नव्हता. साक्षीची मागणी दोन्हीकडे आहे, पण ती वेगळ्या गोष्टीची आहे, आणि त्या मागणीला कथनाने दिलेली उत्तरेही वेगळी आहेत: दया पवारांनी आत्मकथनात स्वतःलाच दोन माणसांत विभागून संवाद उभा केला, हे डग्लसच्या चौकटीत बसत नाही. तुलना अशा ठिकाणी सुरू व्हायला हवी होती. आपण ती त्याआधीच संपवली.

दुसरी उणीव भाषेची. कृष्णवर्णीयांचे साहित्य इंग्रजीत आहे आणि इंग्रजी आपल्याला येते, तेव्हा निराळी भाषा शिकण्याची गरज नाही, असे आपण धरून चाललो. झोरा नील हर्स्टन या लेखिकेचे उदाहरण या समजुतीला छेद देते. फ्लोरिडातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनीच वसवलेल्या गावात ती वाढली. न्यूयॉर्कला गेली, बर्नार्ड महाविद्यालयात बोआस यांच्याकडे मानवशास्त्र शिकली, १९२८ मध्ये पदवीधर झाली. आणि मग अभ्यासाचे क्षेत्र म्हणून आपलेच गाव निवडून फ्लोरिडाला परतली. तिच्या कादंबरीतील पात्रे ज्या बोलीत बोलतात ती बोली पाठ्यपुस्तकी इंग्रजी येणाऱ्याला सहज उलगडत नाही. बोआस यांच्याच परंपरेतल्या वर्गात एक तपाआधी आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला होता. वानखेडे गेन्सव्हिलला पोहोचण्याच्या थोडे आधी, १९६० मध्ये, हर्स्टन त्याच राज्यात जवळपास विस्मृतीत मरण पावली; तिच्या पुनर्शोधाला वाचा फुटली ती १९७५ मध्ये, अ‍ॅलिस वॉकर यांच्या लेखाने. म्हणजे मराठीत ही तुलना रुजली त्या वेळी खुद्द अमेरिकेच्या स्मरणातही हर्स्टन नव्हती. त्याचा दोष वानखेड्यांना देता येणार नाही. पण १९७५ नंतरची पन्नास वर्षे आपलीही होती. प्रमाण मराठी आणि वाड्यावस्तीची बोली यांच्या ताणातून घडलेले गद्य शिकवताना हर्स्टनसारखी सोबत आपल्याला लाभली असती, तर बोलीकडे आपण केवळ 'अस्सलपणा'चा पुरावा म्हणून पाहिले नसते.

देशीवादाच्या अंगाने या साऱ्यावर एक आक्षेप घेता येईल: परक्या तुलनांची मुळात गरज काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे शहरही हेच. भालचंद्र नेमाडे यांनी येथील विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले. पण नेमाडे यांनी लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या, नावापासूनच क्षेत्र-अभ्यासाच्या असलेल्या संस्थेतही शिकवले आहे. देशीपणाची जाणीव पक्की होण्यास दुसऱ्याच्या नकाशावर आपली जागा कोठे दाखवली आहे हे पाहण्याची मदत होत असावी. फुले, आंबेडकर आणि वानखेडे यांनी दूरच्या समाजाकडे पाहिले ते येथल्या एका विशिष्ट प्रश्नाचे ओझे घेऊन. अनुकरणाचा आरोप त्यांना लागू पडत नाही.

अलीकडे एका अभ्यासक्रम-समितीच्या बैठकीत मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी गौण विषयाचा मसुदा आमच्यापुढे होता. मी 'दलित आणि कृष्णवर्णीय कथनपरंपरा' अशी दोन सत्रांची जोड सुचवली. एका सत्रात तीन मूळ पुस्तके संपूर्ण वाचायची, दुसऱ्या सत्रात क्षेत्रकार्य. मूळ पुस्तके ग्रंथालयात नाहीत, तेव्हा 'निवडक उतारे' असा बदल झाला. परदेशी पाठवणे अर्थातच कल्पनेबाहेरचे. म्हणून क्षेत्रकार्याच्या रकान्यात मी नागसेनवन लिहिले: जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती, नियतकालिकांच्या अंकांची सूची, वसतिगृहांच्या आठवणी. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "अहो, ते तर पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्याला क्षेत्र कसे म्हणायचे?" रकाना तूर्त रिकामा ठेवून मसुदा पुढे पाठवण्यात आला.